आमच्या कॉम्प्युटरात दुसरं कोण बसलंय?

जून लागला की दप्तरं, रेनकोट आणि कॉम्प्युटरवरची भांडणं एकदमच सुरू होतात असा माझा अनुभव आहे. या खेपेला जी पत्रं आलीत त्यातली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत: घरात कॉम्प्युटर एक, वापरणारी माणसं चार, आणि एक उठून दुसरा बसला की काहीतरी बिनसतंय. म्हणून बाकीचे प्रश्न (मोबाइल तापतोय वगैरे) पुढच्या वेळेला, आज फक्त हेच.

प्रश्न: सर, लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला डेस्कटॉप आहे आमच्याकडं, चार जीबी रॅमचा. आता तो सगळ्यांचाच झालाय. हे हिशोब करतात, मुलगी सेकंड पीयूला (बारावीला) आहे, मी ब्लाउजच्या डिझाइन बघते आणि गिऱ्हाइकांची मापं एक्सेलमध्ये ठेवते. तिघांची तीन अकाउंटं भाच्यानं काढून दिलीत. मुलीचं झालं की मी माझ्या नावावर क्लिक करते तर काय ओ, दहा मिनिटं नुसतं गोल फिरतंय, माउस अडकत अडकत जातोय, आणि रात्री बंद करायला गेलं की इंग्रजीत येतंय की दुसरं कुणीतरी हा पीसी वापरतंय, बंद केलात तर त्यांचं काम जाईल. घरात त्या वेळेला मी एकटी जागी! हे म्हणतात हॅक झालाय, बँकेचं काही उघडू नको. खरंच कोण आत बसलंय काय? – एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर: बसलंय की वहिनी, पण चोर नाही, तुमची मुलगीच बसलीय. म्हणजे ती झोपलीय, पण तिचं अकाउंट जागं आहे.

आपल्याकडची जुनी घरं आठवा, पुढं सोपा, मग माजघर, दोन्ही अंगाला खोल्या. कॉम्प्युटरमधलं प्रत्येकाचं अकाउंट म्हणजे एकेक खोली. आता मुलगी खोलीतनं बाहेर आली, दार ओढून घेतलं, पण आत पंखा, दिवा, टीव्ही सगळं चालूच ठेवलं, तर त्याला म्हणायचं स्विच युजर. आणि सगळं बंद करून, पसारा आवरून बाहेर आली तर ते साइन आउट. तुम्ही तिच्या उघड्या स्क्रीनवरनं थेट तुमच्या नावावर क्लिक करता ना, तिथंच स्विच होतंय. तिच्या ब्राउझरमधले पंधरा टॅब, एक अर्धवट व्हिडिओ, एक पीडीएफ, झालंच तर तिनं कधी उघडलं हे तिलाही आठवत नसेल असं एखादं ॲप, सगळं आत चालू राहतंय. खोल्या तीन असल्या तरी रॅम, म्हणजे चालू कामं मांडायची जागा, घराला एकच, त्यातली बरीचशी विंडोज स्वतःच खातंय, उरलेल्यात मुलीचं, मग वर तुमचं, आणि संध्याकाळी साहेब पण त्यांच्या नावावर जाऊन आले असतील तर त्यांचं पण. चार जीबीत तीन संसार मावत नाहीत ओ. मग विंडोज जागा नाही म्हणून सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवतंय आणि लागेल तसं परत आणतंय, ती दहा मिनिटं त्या हमालीत जातात.

ही सोय नवीन नाही, २००१ ला विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून आहे. सोय चांगलीच आहे, मुलगी टाइप करत असताना तुम्हाला दोन मिनिटं मापं बघायची असतील तर तिचं काही बंद न करता बघता येतं. पण ती दोन मिनिटांसाठी. काम संपवून उठताना साइन आउटच करायचं. ते सापडत नसेल तर स्टार्टच्या बटणावर माउसचं उजवं बटण दाबा, खाली ‘शट डाउन ऑर साइन आउट’ असं असतं, त्यात साइन आउट. विंडोज १० असो की ११, तिथं ते मिळतंच. विंडोज ११ च्या काही रूपांत स्टार्टमधे नावावर क्लिक केलं तर साइन आउट तीन टिंबांच्या मागं लपवून ठेवलंय, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

आत्ता या घडीला आत कोण आहे ते बघायचंय? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. त्यात ‘युजर्स’ म्हणून भाग आहे, तिथं घरातल्या जागत्या अकाउंटांची नावं आणि कोण किती मेमरी खातंय ते समोर दिसेल. साहेबांना पण दाखवा, हॅकरचं भूत तिथंच उतरेल. त्या नावावर उजवं क्लिक करून तिथनंच त्याला साइन आउट करता येतं, पण त्यासाठी तुमचं अकाउंट ॲडमिन (म्हणजे घरच्या कर्त्यासारखं, सगळे अधिकार असलेलं) पाहिजे, आणि दुसरं म्हणजे समोरच्यानं सेव्ह न केलेलं सगळं जातं. विंडोज विचारतं तसं, पण आपण वाचतो कुठं. मी स्वतः एकदा घरी असंच भावाचं अकाउंट बाहेरनं बंद केलं, आत त्याची साड्यांच्या मालाची यादी दोन तास टाइप करून पडलेली. चार दिवस बोलला नाही माझ्याशी, पाचव्या दिवशी बोलला ते न बोललेलं बरं होतं.

एक बारीक गंमत अजून. काहीजणांचं असं होतं की कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, कुणी लॉगिनच केलेलं नाही, तरी दुसरं कोणीतरी आहे असंच येतंय. अपडेट झाल्यावर हे जास्त होतं. सेटिंग्जमधे अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, तिथं खाली एक ओळ असते, अपडेटनंतर माझी साइन-इनची माहिती वापरून उरलेलं सेटअप आपोआप पूर्ण करा अशा अर्थाची. ती चालू असली की विंडोज शेवटच्या माणसाला स्वतःच गुपचूप आत नेऊन बसवतं आणि बाहेरनं कुलूप लावतं. ती ज्याच्या त्याच्या अकाउंटात जाऊन बंद करायला लागते.

आणि शट डाउन केलं की कॉम्प्युटर कोरा होऊन उठतो हा पण गैरसमज आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची युक्ती आहे, त्यात शट डाउन करताना माणसांना बाहेर काढतात पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात. त्यामुळं काही अडकलेलं असलं तर ते अडकलेलंच उठतं. खरी आंघोळ रीस्टार्टनंच होते. आठवड्यातनं एकदा तरी रीस्टार्ट करा.

खर्च करायची तयारी असेल तर रॅम आठ जीबी करा आणि जुनी हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (हार्डडिस्कचंच काम करणारी, पण कितीतरी जलद डिस्क) घाला. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर मी एसएसडी आधी सांगेन, दुकानदार उलटं सांगेल.

प्रश्न: मुलाच्या अकाउंटातनं प्रिंट बरोबर येते, माझ्यातनं दिली की ‘पीडीएफ कुठं सेव्ह करू’ विचारतंय. प्रिंटर एकच आहे. – चिकोडीहून एक वाचक

उत्तर: डिफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळं काही निवडलं नाही तर प्रिंट ज्याच्याकडं जाते तो, प्रत्येक अकाउंटचा वेगळा असतो. तुमच्यात कागदाच्या प्रिंटरऐवजी पीडीएफवाला डिफॉल्ट झालाय. सेटिंग्जमधे प्रिंटर्सच्या पानावर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, नाहीतर शेवटी ज्याच्यावर प्रिंट दिली तोच डिफॉल्ट होत राहतो, मग तुमचा प्रिंटर निवडून डिफॉल्ट करा. झालं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ७४. सकाळी मराठीत आठवणी टाइप करत असतो. नातू संध्याकाळी त्याच्या नावानं बसतो, शाळेत कन्नड आहे तर त्याचं कन्नड टायपिंग चालतं. दुसऱ्या दिवशी मी माझा पासवर्ड घालतो तर चुकीचा म्हणतो. तोच पासवर्ड, तीन वर्षं झाली. नातवाला हाक मारली की तो येऊन तेच घालतो आणि उघडतं! माझा हात चुकतो असं घरात सगळ्यांचं मत झालंय. – येळ्ळूर

उत्तर: गुरुजी, हात चुकत नाही तुमचा. लॉगिनच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात बघा, तिथं भाषेचं अक्षर असतं. कीबोर्ड दुसऱ्याच भाषेवर राहिलेला असणार, त्यामुळं तुम्ही दाबताय बरोबर पण पडतंय भलतंच, आणि पासवर्डच्या चौकटीत सगळ्याचे ठिपकेच दिसतात म्हणून कळत नाही. नातू येतो, नकळत विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदलतो (पोरांचे हात अशा गोष्टी आपोआप करतात) आणि मग घालतो. तुम्ही पण तेच करा, विंडोज आणि स्पेस, कोपऱ्यात इंग्रजी दिसेपर्यंत. चौकटीच्या शेवटी डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून धरलं की घातलेलं दिसतं, शंका आली की आधी तिथं बघायचं. कॅप्स लॉक पण बघा, पण ते तुम्ही बघितलंच असणार.

कायमचा उपाय पण आहे, फक्त तो ॲडमिन अकाउंटातनं करायचा आणि त्या अकाउंटात इंग्रजी कीबोर्ड पहिला ठेवलेला पाहिजे. कंट्रोल पॅनेलमधे ‘रीजन’, त्यात ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’, तिथं ‘कॉपी सेटिंग्ज’ असं बटण आहे, त्यातनं आपली भाषेची मांडणी वेलकम स्क्रीनला पण लावता येते. नातवाकडनं करून घ्या, मग निदान या कामात तो तुमचा ऋणी न राहता तुम्ही त्याचे राहाल.

जाता जाता, तुम्ही मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप करत असाल तर कन्नड टायपिंग पण तुम्हाला जवळजवळ येतंच असं समजा. इनस्क्रिप्टमधे भारतीय लिप्यांची अक्षरं त्याच त्याच बटणांवर ठेवलीत, इंग्रजी ‘के’च्या बटणावर मराठीत क पडतो तसा कन्नडमधे कन्नडचा क पडतो. नातवाला कन्नडचा एक उतारा बटणांकडं न बघता टाइप करून दाखवा एकदा. घरातलं मत बदलेल.

प्रश्न: माझं किराणा दुकान आहे, घरामागंच. कॉम्प्युटर दुकानात, माझं एक अकाउंट आणि मुलाचं एक. परवा दिवशी सकाळी मुलगा उठला, मी माझ्या नावावर गेलो तर डेस्कटॉप पूर्ण मोकळा, फोटो पण बदललेला, एकही फाइल नाही, नवीन घेतल्यासारखा. कोपऱ्यात काहीतरी इंग्रजी येऊन गेलं, मी बघितलं नाही, गिऱ्हाईक होतं. म्हटलं मुलानं काहीतरी केलं असेल, बघूया संध्याकाळी. दिवसभराची उधारी त्यातच नवीन फाइल काढून टाइप केली आणि रात्री बंद केलं. दुसऱ्या दिवशी जुनं सगळं परत आलं आणि उधारीची फाइल गायब! आज सकाळी परत मोकळं आलंय. मुलगा म्हणतो मी हात लावला नाही. आता काय करू? – निपाणी

उत्तर: मुलगा खरं बोलतोय. आणि हे पत्र मला आधी मिळालं असतं तर, असं वाटून गेलं, कारण ह्यात एकच वाक्य वेळेवर माहीत असलं की नुकसान वाचतं.

तुम्हाला विंडोजनं टेंपररी प्रोफाइलवर नेलं होतं. कोपऱ्यात येऊन गेलेलं इंग्रजी तेच होतं: तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमधे आहात, तुमच्या फाइली इथं दिसणार नाहीत आणि इथं बनवलेल्या फाइली साइन आउट केलं की पुसल्या जातील. तुमच्या खोलीचं कुलूप विंडोजला उघडता आलं नाही म्हणून त्यानं तुम्हाला धर्मशाळेत एक खोली दिली, आणि धर्मशाळेत सकाळी खोली झाडून घेतात. तुमच्या खऱ्या खोलीतलं सामान जिथल्या तिथंच असतं बहुतेक वेळा.

आज परत मोकळं आलंय म्हणता ना, तर हे वाचताना पण तुम्ही त्याच तात्पुरत्या प्रोफाइलमधे असाल तर आधी थांबा. साइन आउट नाही, बंद पण नाही. आज जे काही टाइप केलंय ते पेनड्राइव्हवर नाहीतर डी ड्राइव्हवर कॉपी करून घ्या, डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समधे ठेवू नका, ते दोन्ही तात्पुरतेच आहेत. मग सी ड्राइव्ह उघडा, त्यात ‘युजर्स’ फोल्डर, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर दिसतंय काय बघा. दिसलं, आत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधे तुमच्या जुन्या फाइली दिसल्या तर पाणी प्या, सगळं आहे. त्याची पण एक कॉपी बाहेर काढून ठेवा. त्यानंतरच रीस्टार्ट करा. शट डाउन नाही, रीस्टार्ट, का ते वर टिळकवाडीच्या वहिनींना सांगितलंय. आणि उठल्यावर मुलाच्या अकाउंटात न जाता पहिल्यांदा थेट तुमच्यात जा.

पुष्कळदा एवढ्यानंच जमतं, कारण पुष्कळदा झालेलं एवढंच असतं की तुम्ही आत जाताना तुमच्या प्रोफाइलची फाइल दुसऱ्या कशानं तरी धरून ठेवली होती, बऱ्याचदा अँटिव्हायरस तेव्हाच तपासत बसलेला असतो. तुमचं एक दिवस आड होतंय त्यावरनं मला हाच संशय आहे. दुसरं कारण सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असणं, तो बघा, लाल पट्टी दिसत असेल तर आधी जागा करा. तिसरं आपल्याकडचं नेहमीचं, पावसात लाईट जाते आणि कॉम्प्युटर चालू असतानाच धाडकन बंद पडतो, नेमकं तेव्हा विंडोज तुमच्या प्रोफाइलमधे लिहीत असेल तर ती फाइल मोडते. दुकानात यूपीएस नसेल तर घ्या, नाहीतर लाईट गेल्यावर नुसता काळोख होत नाही, उधारी पण बुडते.

रीस्टार्टनं नाही जमलं, परत परत तेच होत असेल तर ॲडमिननं नवीन अकाउंट काढायचं आणि जुन्या फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स त्यात आणून टाकायचं. रजिस्ट्रीमधे (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) जाऊन जुनंच अकाउंट दुरुस्त करायचा उपाय आहे, होतो पण, मी पण करतो. पण तो तुम्ही दुकानात गिऱ्हाईक सांभाळत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तिथं एक ओळ चुकली तर मुलाचं अकाउंट पण जाईल. जाणत्या माणसाला बोलवा, आणि तो हात लावायच्या आधी बॅकअप कुठं घेतलास हे विचारा. फॉरमॅट मारूया म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

परवाच्या उधारीचं वाईट वाटतं, पण खोटी आशा लावत नाही, ती फाइल मिळणं अवघड आहे. निपाणीची माणसं उधारी तोंडानं पण कबूल करतात अशी माझी समजूत आहे, फिरून या एकदा.

प्रश्न: लग्नपत्रिकेचं काम घरूनच करते. मुलानं चांगले दहा-बारा मराठी फॉन्ट घालून दिले, त्याच्या अकाउंटात दिसतात, माझ्या अकाउंटात तीच फाइल उघडली तर साधाच फॉन्ट येतोय आणि एका जुन्या फाइलीत तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! गिऱ्हाईक दारात. – खानापूर

उत्तर: ताई, २०१८ नंतरच्या विंडोज १० मधे आणि ११ मधे फॉन्टवर डबल क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो फक्त त्याच अकाउंटपुरता बसतो. पूर्वी असं नव्हतं, तेव्हा फॉन्ट घातला की सगळ्या घराला दिसायचा, म्हणून जुन्या माणसांचा घोळ होतो. फॉन्टच्या फाइलवर उजवं क्लिक करायचं आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ घ्यायचं, ॲडमिनचा पासवर्ड मागेल. विंडोज ११ मधे ते दिसलं नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मधे आहे. सगळे फॉन्ट एकदम सिलेक्ट करून केलं तरी चालतं, मग कोरल (किंवा पत्रिका ज्या सॉफ्टवेअरात करता ते) बंद करून परत उघडा.

इंग्रजी चिन्हं दिसतात ती फाइल जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली आहे. त्यात कॉम्प्युटरच्या दृष्टीनं लिहिलेलं इंग्रजीच असतं, फक्त फॉन्ट त्याला मराठीचं सोंग देतो, फॉन्ट नसला की सोंग उतरतं. कन्नड पत्रिका करत असाल तर जुन्या नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) केलेल्या फाइलींचं पण हेच. तोच फॉन्ट सगळ्यांसाठी बसवला की परत नीट दिसेल. पत्रिका छापायला देताना मात्र पीडीएफ करून द्या, प्रेसवाल्याकडं कुठले फॉन्ट आहेत त्याच्यावर मुहूर्त अवलंबून ठेवू नका.

प्रश्न: यांनी शेताचा उतारा स्कॅन करून ‘डेस्कटॉपवर ठेवलाय’ म्हणून सांगितलं आणि कामावर गेले. माझ्या डेस्कटॉपवर नाही. फोन केला तर म्हणतात, आहे बघ नीट. तासभर बघितलं. – शहापूर

उत्तर: दोघंही बरोबर. त्यांचा डेस्कटॉप वेगळा, तुमचा वेगळा, मॉनिटर एक असला म्हणून डेस्कटॉप एक होत नाही. त्यांनी त्यांच्या खोलीत ठेवलाय. सगळ्यांना लागणारे कागद सोप्यात ठेवायचे: सी ड्राइव्ह, युजर्स, त्यात ‘पब्लिक’, त्यात ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’. तिथं ठेवलेलं प्रत्येक अकाउंटात दिसतं. त्याचा शॉर्टकट सगळ्यांच्या डेस्कटॉपवर काढून ठेवा, नाव द्या ‘घरचे कागद’, आधार, रेशनकार्ड, उतारे, सगळं त्यात.

तुम्ही ॲडमिन असाल तर युजर्समधनं त्यांच्या फोल्डरमधे जाता येतं, परवानगी नाही म्हणून सांगेल आणि खाली ‘कंटिन्यू’ देईल. ते दाबलं की तुम्हाला त्या फोल्डरची कायमची परवानगी मिळते, एका वेळेपुरती नाही. दाबायचं की नाही ते तुमच्या घरचं बघून ठरवा, मी त्यात पडत नाही.

प्रश्न: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या जुन्या मशीनवर ११ चढेना, म्हणून पुतण्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम घातली. मस्त पळतंय. फक्त माझ्यातनं बायकोच्या अकाउंटात स्विच केलं की कधी कधी स्क्रीन काळी, नुसता माउसचा बाण, कधी तो पण नाही. बटण दाबून बंद करायला लागतंय. – संकेश्वर

उत्तर: बटण दाबून बंद करू नका ओ, आत तुमचं काम जिवंत असतं. लिनक्समधे स्विच केलं की दुसऱ्या माणसाचा डेस्कटॉप वेगळ्या ‘टर्मिनल’वर उघडतो, म्हणजे एकाच टीव्हीवरचे वेगवेगळे चॅनल समजा. मिंटमधे पहिला माणूस साधारणपणे सातव्या चॅनलवर असतो, पुढचे आठव्या, नवव्यावर. स्क्रीन काळी झाली की कंट्रोल आणि आल्ट दाबून धरून एफ ७ दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, नाही आलं तर तसंच एफ ८, मग एफ ९. बहुतेक वेळा एकात तुमचा डेस्कटॉप, एकात लॉगिनचं पान सापडतं. चुकून एफ १ दाबलं तर काळ्यावर पांढऱ्या अक्षरात लॉगिन मागेल, घाबरायचं नाही, ते पण एक चॅनलच, परत एफ ७ ला या.

वारंवार होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या, विशेषतः जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर. मिंटच्या मेनूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहे, तो काय सुचवतो बघा, सुचवलेला ड्रायव्हर घालून रीस्टार्ट करा. आणि तोपर्यंत स्विच न करता लॉग आउट करून बायकोला बसू द्या, म्हणजे चॅनल बदलायचा प्रश्नच येत नाही.

विंडोजवाल्यांना पण स्विच केल्यावर काळी स्क्रीन येते कधी कधी. तिथं विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची, एक बीप होऊन स्क्रीन लपलपते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडलेलं काही बंद होत नाही. नुसता बाण दिसत असेल, खालची पट्टी नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपनं टास्क मॅनेजर आणा, ‘रन न्यू टास्क’मधे एक्सप्लोरर असं इंग्रजीत टाइप करून एंटर.

प्रश्न: काका, मी आठवीत आहे. मी प्रोजेक्ट करत असताना जेवायला गेलो की दादा मला बाहेरून साइन आउट करतो आणि त्याचा गेम खेळतो. प्रोजेक्ट दोनदा गेला. आईला सांगितलं तर ती म्हणते दोघं मिळून वापरा. त्याला कसं अडवायचं? – अनगोळ

उत्तर: बाळा, तुझा दादा ॲडमिन असणार, म्हणून त्याला ते जमतंय. आईबाबांपैकी एकाचं अकाउंट ॲडमिन ठेवायचं आणि तुम्हा दोघांची अकाउंटं ‘स्टँडर्ड’ करायची, सेटिंग्जमधे अकाउंट्स, मग ‘अदर युजर्स’ किंवा ‘फॅमिली’, तिथं ‘चेंज अकाउंट टाइप’. हे काम ॲडमिनच करू शकतो, म्हणजे दादासमोरच आईला बसवायला लागेल. स्टँडर्ड अकाउंटवाल्याला दुसऱ्याला बाहेर काढता येत नाही. नवीन गेम घालताना पण पुष्कळदा आईचा पासवर्ड लागेल, हे तिला आधी सांग, मग ती लगेच तयार होईल.

पण त्यानं पॉवरचं बटणच दाबून धरलं तर त्याला विंडोज काही करू शकत नाही, म्हणून जेवायला उठताना कंट्रोल आणि एस दाबून, सेव्ह करूनच ऊठ. आणि हे पान दादाच्या हाताला लागायच्या आत आईला दाखव.